साथीतली मय्यत आणि आपली लेखणी

मय्यतीला गुस्ल देणे, कफन घालणे, जनाजाची नमाज अदा करणे आणि दफन करणे, ही कामे आपल्या फिकहमध्ये फर्ज-ए-किफाया मानली आहेत. पाच वेळची नमाज, रमजानचे रोजे हे फर्ज-ए-ऐन. ज्याचे त्याने करायचे, दुसरा कुणी ते आपल्या वतीने करू शकत नाही. जनाजाचे तसे नाही. वस्तीतल्या चार माणसांनी मय्यत उचलली की सारी वस्ती मोकळी झाली. मात्र कुणीच उचलली नाही, तर गुनाह साऱ्या वस्तीचा. अकराव्या शतकातले इमामुल हरमैन जुवैनी तर असे मानत की एका अर्थाने फर्ज-ए-किफाया करणाऱ्याचा दर्जा मोठा आहे, कारण तो आपल्याबरोबर इतरांचीही मान सोडवतो.

आमच्यापुढचा प्रश्न असा आहे, की साथीत गेलेल्या माणसाविषयी लिहिणे हेसुद्धा याच जातीचे कर्तव्य आहे काय? कुणीतरी लिहिले म्हणजे बाकीचे मोकळे, आणि कुणीच लिहिले नाही तर सगळेच देणेकरी, असे म्हणता येईल काय? २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे ज्यांनी जळगाव-धुळ्यात काढली, त्यांना हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. त्या दोन वर्षांत मोहल्ल्यामोहल्ल्यातून मय्यती गेल्या, वीस माणसांच्या मर्यादेत गेल्या, कधी तर प्लास्टिकच्या पिशवीत बंद होऊन, पाण्याचा स्पर्श न होता, तयम्मुमवर गेल्या. शरीअतीने त्यांना सवलत दिली. साहित्याने काय दिले, हे पाहायचे आहे.

उत्तर शोधताना आम्ही अरबी गद्याकडे गेलो, त्याचे कारण आधी सांगतो. खान्देशातल्या मुसलमानाच्या घरात अरबी असते ती तिलावतीची. तडवी, पिंजारी, मणियार, बागवान, मोमीन, कुणाचेही घर घ्या. पोरगे मकतबमध्ये बसते, अलिफ-बे शिकते, कुराण खत्म करते आणि अर्थ मात्र पेशइमामावर सोपवून मोकळे होते. बोलायला अहिराणी नाही तर मोहल्ल्यातली उर्दू, अर्ज लिहायला मराठी आणि अल्लाहशी बोलायला अरबी, अशी आमची वाटणी आहे. या तिसऱ्या भाषेत आजही कथा-कादंबऱ्या लिहिल्या जातात, त्यांत चुकणारी, भांडणारी, नमाज बुडवणारी माणसे असतात, याची आपल्यात फार थोड्यांना खबर आहे. आम्हीही त्या इंग्रजी आणि उर्दू तर्जुम्यांतूनच वाचल्या. पण साथीत काय करावे आणि काय करू नये, यासंबंधी मोहल्ल्यात जे जे बोलले जाते ते सारे मूळचे त्याच भाषेतले आहे. तेव्हा त्या भाषेतल्या अलीकडच्या लेखकांनी त्याचे काय केले, हे पाहण्याची गरज वाटली.

हजरत उमर यांच्या काळातली अमवासची साथ (हिजरी १८, इ.स. ६३९) बहुतेकांना ऐकून ठाऊक आहे. खलिफा शामकडे निघाले होते. वाटेत सर्ग या ठिकाणी साथीची खबर मिळाली आणि त्यांनी परत फिरायचे ठरवले. अबू उबैदा यांनी विचारले, अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय? उमर यांच्या उत्तराचा आशय असा होता, की आपण एका तकदीरकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. मग अब्दुर्रहमान बिन औफ यांनी रसूलुल्लाहची हदीस सांगितली : साथ असलेल्या मुलुखात जाऊ नये आणि आपल्या मुलुखात साथ आली तर तिच्या भीतीने तिथून निघू नये. उमर मदिनेला परतले. अबू उबैदा आपल्या माणसांजवळ राहिले आणि त्याच साथीत गेले. दोघांपैकी चुकले कोणीच नाही, असे आपले उलेमा मानतात. आम्हांला या घटनेतली खरी अवघड जागा तीच वाटते.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आल्याची बातमी फुटली, तेव्हा ही हदीस खान्देशच्या दारात येऊन उभी राहिली. लिंबायत-उधन्याकडच्या कारखान्यांत आणि मागांवर खान्देशातली माणसे कित्येक वर्षे राबत आलेली. काही दिवसांत लाखो लोकांनी सुरत सोडली. तापीच्या खोऱ्यातून येणाऱ्या सुरत-भुसावळ गाड्यांतून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव अशा स्टेशनांवर बोचकी आणि पोरे उतरू लागली. कुणी आपल्या माणसांना घरात घेतले, कुणी ओट्यावरच थांबवले, कुणी तांब्या लांबून सरकवला. या परतलेल्यांना हदीस मोडणारे म्हणायचे काय? ज्याच्या एका खोलीत आठ माणसे झोपतात, ज्याच्या गल्लीतला खाजगी डॉक्टर त्याच्याही आधी दवाखान्याला कुलूप लावून निघून गेला, त्याच्यावर थांबण्याचे बंधन कितपत लागू होते? त्या वेळी या प्रश्नावर आमच्या भागात पुष्कळ वाद झाला, चहाच्या टपरीवर झाला, मशिदीच्या हौदापाशी झाला. सगळा तोंडी. कागदावर उतरलेला आमच्या पाहण्यात नाही.

हाच वाद नजीब महफूझ यांनी ‘हराफीश’ (१९७७) या कादंबरीच्या पहिल्याच भागात कागदावर घेतला आहे. कैरोतली एक गल्ली आहे. गल्लीत साथ शिरते, जनाजे निघू लागतात, बघता बघता त्यांची रांग लागते. आशूर हा एक धिप्पाड, सापडलेला पोर. एका अंध शेखने वाढवलेला. तो शेख त्याच्या स्वप्नात येऊन त्याला गल्लीबाहेर उघड्या माळाकडे नेतो. आशूर सगळ्यांना सांगतो, चला. गल्लीतले थोर त्याला हसतात. त्याची पहिली बायको आणि मोठी मुले यायला नकार देतात. दुसरी बायको फुल्ला आणि तान्हे पोर घेऊन तो निघतो आणि डोंगराच्या पायथ्याशी कित्येक महिने काढतो. परत येतो तेव्हा गल्ली रिकामी असते. मेलेल्या श्रीमंतांच्या हवेलीत तो राहायला जातो, तिथली दौलत नव्याने वस्तीला आलेल्या गरिबांत वाटतो आणि एक दिवस परक्याची मालमत्ता वापरली म्हणून तुरुंगात जातो. तरीही गल्लीच्या आठवणीत तो वलीच ठरतो. त्याला नाव पडते ‘अन-नाजी’, म्हणजे वाचलेला.

हदीसच्या अक्षराप्रमाणे आशूर चुकला. महफूझ तसे म्हणत नाहीत, आणि तो बरोबर होता असेही म्हणत नाहीत. निघणे, वाचणे, परतून रिकाम्या घरात शिरणे, ते धन वाटणे, यांतल्या प्रत्येक पायरीवर ते वाचकाला थांबवतात आणि पुढे होतात. मोठ्या लेखकाचे हे काम आहे, यात शंका नाही. पण आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने एक गोष्ट खटकते. मागे राहिलेली ती पहिली बायको आणि तिची मुले यांच्यावर काय गुजरली, हे वाचकाला त्यांच्या तोंडून कधीच कळत नाही. कथा माळावर गेलेल्याबरोबर जाते. साथीच्या साहित्याचा हा जन्मजात कल आहे. लिहिणारा हा नेहमीच ‘अन-नाजी’ असतो, आणि आपण कसे वाचलो हे सांगण्यात त्याला जेवढा रस असतो तेवढा मागे राहिलेल्यांच्या शेवटच्या रात्रीत नसतो. १९९४ मध्ये सुरतेहून आलेल्या एखाद्याने उद्या कादंबरी लिहिली, तर तीसुद्धा बहुधा गाडीच्या प्रवासापासून सुरू होईल.

याच्या उलट उदाहरण ताहा हुसैन यांचे आहे. ‘अल-अय्याम’ या त्यांच्या आत्मकथनाचा पहिला भाग १९२९ मध्ये पुस्तकरूपाने आला. लहानपणीच डोळे गेलेल्या या लेखकाने स्वतःविषयी ‘मी’ न म्हणता ‘तो मुलगा’ असे म्हटले आहे. १९०२ च्या उन्हाळ्यात इजिप्तमध्ये पटकीची साथ आली. त्यांचा अठरा वर्षांचा भाऊ वैद्यकीय शाळेत जाण्याच्या तयारीत होता आणि गावच्या डॉक्टरबरोबर रोगी पाहत हिंडत होता. २१ ऑगस्टला त्याच साथीत तो गेला. ती एक रात्र आणि पुढची सकाळ ताहा हुसैन यांनी जशी लिहिली आहे तशी आम्ही अन्यत्र क्वचितच वाचली. आंधळा पोर कोपऱ्यात बसून आहे. त्याला दिसत काही नाही, ऐकू सगळे येते. साथीत देशभर किती माणसे मेली हे त्या पानांतून कळत नाही. एका घरात एकजण मेला म्हणजे काय झाले, एवढे मात्र कळते.

पण त्याहून महत्त्वाचे पुढे आहे. मुलगा हिशोब करतो. पंधराव्या वर्षापासून नमाज-रोजे फर्ज होतात असे त्याने मौलवींकडून ऐकले आहे. भाऊ अठराचा होऊन गेला. म्हणजे त्याच्याकडे अल्लाहची तीन वर्षांची थकबाकी आहे. मग हा मुलगा ठरवतो, की रोज पाचही नमाज दोनदा पढायच्या, एकदा आपल्या आणि एकदा भावाच्या. वर्षाला दोन महिने रोजे धरायचे, एक महिना आपला, एक भावाचा. घरच्यांना यातले काही सांगायचे नाही. आपल्या वाट्याचा खाऊ आधी गरिबाला द्यायचा. आता फिकह जाणणारे लगेच म्हणतील की नमाज ही फर्ज-ए-ऐन आहे, ती मेलेल्याच्या वतीने दुसऱ्याला कशी पढता येईल? बरोबर आहे. त्या पोराला हा मसला ठाऊक नव्हता, की ठाऊक असून त्याने ऐकला नाही, ते त्यालाच माहीत. आम्हांला मात्र त्या दुहेरी नमाजेत साहित्याचे मूळ दिसते. जे कर्तव्य नियमाने हस्तांतरित होत नाही, ते प्रेमापोटी आपल्या अंगावर घेणे. पुढे सत्तावीस वर्षांनी तोच मुलगा भावाचे मरण पुस्तकात घालतो, तेव्हा तो तीच नमाज वेगळ्या रीतीने पढत असतो.

इथे एक नैतिक पेच उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. मय्यतीला गुस्ल देणाऱ्यासाठी आपल्याकडे एक सक्त नियम आहे. अंग धुताना जे काही दिसेल, एखादी खूण, एखादे व्यंग, एखादी जखम, ते बाहेर बोलायचे नाही. जो झाकतो त्याच्यासाठी मोठ्या सवाबाची खुशखबर हदीसमध्ये आली आहे. जळगावात किंवा धुळ्यात ज्यांनी ज्यांनी हे काम वर्षानुवर्षे केले, त्यांना विचारा. सगळ्या वस्तीच्या शरीरांची माहिती असलेली ही माणसे किती कमी बोलतात ते कळेल. लेखकाचा धर्म याच्या नेमका विरुद्ध नाही काय? त्याने पाहायचे आणि सांगायचे. ताहा हुसैन यांनी तर भावाची नमाजेची थकबाकी चारचौघांत उघड केली. गस्सालाच्या नियमाने पाहिले तर हा पडदा फाडणे झाले.

आम्ही यावर बराच विचार केला आणि आमचे मत असे आहे, की त्यांनी नियम मोडला नाही. भावाची थकबाकी सांगितली नसती तर दुहेरी नमाजेला अर्थच राहिला नसता. दोष सांगितला तो फेडण्यासाठी सांगितला. झाकणे आणि लपवणे यांत फरक आहे. गस्साल मय्यतीची अब्रू झाकतो, मय्यत कशाने झाली हे तो काझीपुढे लपवणार नाही. साथीतल्या मरणाविषयी लिहिणाऱ्याने हाच विवेक धरायला हवा. कोणत्या घरात मय्यतीला हात लावायला कुणी पुढे आले नाही, हे सांगताना त्या घराचा पत्ता लिहिण्याची गरज नाही. पण कुणी पुढे आले नाही, हे लिहिलेच पाहिजे.

जुन्या अरबी लेखकांत हा सरळपणा होता. हाफिज इब्न हजर अस्कलानी (मृत्यू १४४९) यांच्या तीन मुली प्लेगने गेल्या. त्यांनी प्लेगवर ‘बज्लुल माऊन’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. हिजरी ८३३ मध्ये कैरोत साथ असताना लोकांनी तीन दिवस रोजे धरले, मग शहराबाहेर मैदानात मोठ्या जमावाने जाऊन दुआ मागितली. त्यानंतर मरणाऱ्यांची संख्या घटली नाही, उलट रोज चाळीसच्या आत असलेली ती महिना संपताना हजारावर गेली, अशी नोंद त्यांनी स्वतः केली आहे. हदीसचा एवढा मोठा जाणकार दुआच्या जमावाविषयी असे लिहितो, आणि त्याला कुणी दीनचा दुश्मन म्हणत नाही. हे धैर्य होतेच. पण त्यामागे एक सोयही होती, ती विसरू नये. आपल्या माणसांची चूक लिहिली तर ती उद्या आपल्याच माणसांविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाईल, ही भीती इब्न हजर यांना नव्हती.

आपल्याकडची गोष्ट इथेच वेगळी होते. मार्च २०२० च्या अखेरीस दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजची बातमी आली आणि साथीला एकाएकी एक मजहब मिळाला. वाहिन्यांवर काय काय बोलले गेले ते पुन्हा लिहिण्याची इच्छा नाही. गल्लीत फळांची गाडी घेऊन जाणाऱ्याला नाव विचारले जाऊ लागले. ३० मार्चला मुंबई महापालिकेने मजहब न पाहता सगळ्या मय्यतींचे दहन करण्याचे परिपत्रक काढले. ते काही तासांतच मागे घेतले गेले, पण त्या काही तासांत भिवंडीपासून भुसावळपर्यंत किती वृद्ध माणसे रात्री जागी राहिली असतील! वांद्र्याच्या कबरस्तानातल्या दफनाविरुद्धचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयाने २२ मे रोजी फेटाळला. २१ ऑगस्ट २०२० ला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, ज्याच्या कक्षेत जळगाव आणि धुळे हे दोन्ही जिल्हे येतात, तबलीगच्या एकोणतीस परदेशी माणसांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे म्हटले. दिलासा मोठा होता.

पण या पाच महिन्यांत आपल्या लिहित्या माणसांची शाई कशावर गेली? निवेदनांवर, खुलाशांवर, खोट्या चित्रफितींना दिलेल्या उत्तरांवर, आम्ही प्लाझ्मा दिला, आम्ही जेवण वाटले, आम्ही परक्या मय्यतींनाही खांदा दिला, याच्या यादीवर. यातले काहीही खोटे नव्हते आणि काहीही अनावश्यक नव्हते. ते लिहिणे भागच होते. परंतु तो सगळा मजकूर जबाबाचा होता. जबाब देणाऱ्याला शोक करता येत नाही; त्याच्या डोळ्यांत पाणी दिसले तर समोरचा ते कबुली म्हणून लिहून घेतो. ज्या मोहल्ल्यात तपासणीला आलेल्या आशाताईंना दारातून परत पाठवले गेले, ज्या घरात ताप लपवला गेला कारण उचलून नेतील आणि परत आणणार नाहीत अशी भीती होती, जिथे दार लावून जमात झाली, त्यांच्याविषयी प्रेमाने आणि स्पष्टपणे लिहिणे इब्न हजर यांना जमले असते. २०२० च्या एप्रिलमध्ये खान्देशातल्या एखाद्या लेखकाने तसे लिहिले असते, तर दुसऱ्या दिवशी ते कुठल्या मथळ्याखाली छापून आले असते, हे सांगायला नको. आरोपाने आपल्या समाजाचे व्यवहाराचे नुकसान किती केले ते पुष्कळांनी मोजले आहे. आरोपाने आपल्या मेलेल्यांवर रडण्याची भाषा काढून घेतली, हे नुकसान अजून कुणी मोजलेले नाही.

हे फक्त मुसलमानांच्या बाबतीत घडते असेही नाही. १८९७ च्या पुण्याच्या प्लेगविषयी मराठीत जे वाचायला मिळते त्यात रँड आहे, गोरे सोजीर आहेत, झडत्या आहेत, २२ जूनची रात्र आहे. मेलेली माणसे शोधावी लागतात. सावित्रीबाई फुले त्याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, रोग्याला दवाखान्यात आणताना लागण होऊन गेल्या. तेवढे एक मरण ठळक राहिले. जुलमाविरुद्ध लढणारी लेखणी सोजिरांचे बूट पाहते, उंबऱ्याच्या आत पाहायला तिला उसंत नसते. अल्बेर काम्यूच्या ‘द प्लेग’ (१९४७) या कादंबरीचे तर विचारूच नका. २०२० मध्ये ती जगभर पुन्हा वाचली गेली. ओरान हे शहर अल्जीरियातले. त्यात अरबांच्या राहणीची पाहणी करायला आलेला एक पत्रकारही आहे. पण ती पाहणी राहून जाते आणि कादंबरी संपेपर्यंत अरब माणूस जवळजवळ दिसतच नाही. प्लेगने अरब मेले की नाही, हेही कळत नाही. दुसऱ्याच्या लेखणीवर विसंबलेल्या मय्यतीचे असे होते.

उर्दूत राजिंदरसिंग बेदी यांची ‘क्वारंटीन’ ही कथा आहे, तिच्यात भागू नावाचा झाडूवाला रोग्यांच्या जवळ जातो आणि गौरव मात्र डॉक्टरचा होतो. सूदानचे अमीर ताजुस्सिर स्वतः डॉक्टर आहेत; त्यांची ‘इबोला ७६’ (२०१२) ही कादंबरी १९७६ च्या साथीवर आहे. तिचा नायक दक्षिण सूदानमधल्या न्झारा या गावच्या कापडाच्या कारखान्यातला कामगार आहे, आणि तो काही संत नाही. प्रेयसीच्या कबरीवर जाऊन येतो आणि रोग घेऊन येतो. त्या वर्षी न्झाराच्या कापड कारखान्यातच साथ पसरली होती, ही इतिहासातली गोष्ट आहे. धुळ्याच्या किंवा मालेगावच्या मागावर बसणाऱ्या माणसाला ती वाचून दाखवली, तर सूदान त्याला लांब वाटणार नाही. ताजुस्सिर आपल्या कामगारावर हसतात, त्याच्या चुका मोजतात आणि तरी त्याला सोडत नाहीत. अल्जीरियाचे वासिनी अल-आरज यांनी २०२० च्या टाळेबंदीत ‘लैलियात रमादा’ ही कादंबरी फेसबुकवर हप्त्याहप्त्याने लिहिली. साथ ओसरायची वाट न पाहता लिहिण्याचे हे धाडस आम्हांला मोलाचे वाटते, मग ती कादंबरी कुणाला कशी का वाटेना.

आता फर्ज-ए-किफायाकडे परत येऊ. वस्ती म्हणजे कोण? ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून भुसावळकडे रुळांवरून चालत निघालेले, थकून रुळांवरच झोपलेले मध्य प्रदेशातले सोळा मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले. रमजानचा तो दुसरा आठवडा होता. त्यांना आमच्या भुसावळला पोचायचे होते, तिथून गाडी मिळेल या आशेने. जून २०२० मध्ये जळगावात एका रुग्णालयातून बेपत्ता झालेली ब्याऐंशी वर्षांची बाई आठ दिवसांनी तिथल्याच स्वच्छतागृहात मृतावस्थेत सापडली. यांतले कुणी आमच्या बिरादरीचे नव्हते. पण रसूलुल्लाहसमोरून एक जनाजा गेला तेव्हा ते उभे राहिले. तो एका यहुद्याचा असल्याचे कुणी सांगितले, तर त्यांनी उलट विचारले की तो एक जीव नव्हता काय? ज्या वस्तीत आपण राहतो तिच्यात जो मेला तो आपल्या हिशोबात आला. मग त्या आठ दिवसांवर मराठीत लिहिण्याचे देणे लेवा पाटलाइतकेच मोमिनावर आहे, आणि मोहल्ल्यातल्या बंद पिशवीतल्या मय्यतीचे देणे जेवढे आमच्यावर तेवढेच त्यांच्यावर. या वाटणीला कुणाची हरकत असेल तर त्यांनी ती मांडावी. आम्हांला ती ऐकायला आवडेल.

काही मित्र म्हणतात, सब्र करा, झाकल्या जखमा उघडू नका. साथीत मरणाऱ्याला शहिदाचा दर्जा आहे, आणखी काय हवे? आम्हांला हे पटत नाही. शहीद म्हणून मान देणे आणि नाव विसरणे, ही दोन्ही एकाच वेळी करता येतात, आणि अनेकदा केली जातात. खान्देशातल्या वृद्धांच्या तोंडी १९१८ च्या साथीचे ‘मानमोडी’ एवढे नाव राहिले. मान मोडली ती कोणाकोणाची, हे सांगणारे आता उरले नाहीत.

२०२० चे सांगणारे आहेत. मालेगावात एप्रिल २०२० मध्ये दफने आदल्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा कितीतरी अधिक झाली, दवाखाने बंद राहिल्याने साधे दुखणेही जिवावर बेतले, ही गोष्ट जगाला कळली ती एखाद्या लेखकाच्या पुस्तकातून नव्हे, तर कबरस्तानच्या वहीवरून. त्या वर्षीचे आपल्या भागातले सर्वांत प्रामाणिक गद्य ते आहे, असे आम्ही जबाबदारीने म्हणतो. जळगाव, धुळे, अमळनेर, चोपडा, शिरपूर, जिथे जिथे कबरस्तान आहे तिथे अशी वही आहे. नाव, वालिदचे नाव, वय, मोहल्ला, तारीख. कबर खोदणाऱ्याला ओळीओळीने विचारले तर तो वहीत नसलेले सांगतो : याच्याबरोबर तिघेच आले होते, याचा मुलगा भिंतीपलीकडे उभा होता, हिच्यासाठी आदल्या रात्रीच खोदून ठेवावे लागले. त्याला लिहिता येतेच असे नाही. त्याच्याजवळ बसून, गस्सालाचा नियम पाळून, कुणीतरी ते उतरवून घ्यायला हवे. वह्या बहुतेक ठिकाणी बॉलपेनाने उर्दूत लिहिलेल्या आहेत, आणि पावसाळ्यात भिंतींना ओल येणाऱ्या खोल्यांत ठेवलेल्या आहेत.